एक डोकं कमी

आमच्या भाऊजींना नवा माणूस भेटला की हसून बोलायच्या आधी ते मनातल्या मनात त्याचं वजन करून मोकळे होतात. त्यांचाही इलाज नाही. चोवीस वर्षं झाली, मोठ्या रस्त्यावरच्या ट्रकच्या वजनकाट्यावर बसतात. ताईशी त्यांचं लग्न ठरलं तेव्हा मी चौदा वर्षांची होते. पहिल्यांदा घरी आले, मी पाण्याचा ट्रे घेऊन पुढे गेले, तर ग्लास उचलता उचलता म्हणाले, "बेचाळीस." मला वाटलं ट्रेच्या खाली काही नंबर लिहिलाय. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात काट्यावर उभी राहिले आणि तेव्हापासून मी या माणसावर दात धरून आहे.

काटा म्हणजे जमिनीच्या पातळीत बसवलेला एक लांबरुंद लोखंडी पत्रा. त्याच्यावर ट्रक उभा राहतो. शेजारी भाऊजींची केबिन. तिच्यात एक खिडकी, एक स्टूल, लाल आकडे दाखवणारं यंत्र, पावत्या छापणारा म्हातारा प्रिंटर आणि बाहेरच्यांशी बोलायला माइक. ट्रक एकदा रिकामा येतो, एकदा भरून येतो, आणि दोन आकड्यांची वजाबाकी म्हणजे माल. ऐकायला सोपं आहे. पण ड्रायव्हर एकदा गाडीत बसलेला आणि एकदा उतरलेला असला तर सत्तर-ऐंशी किलोचा घोळ होतो. म्हणून भाऊजींचा पहिला नियम: माणसं खाली. "ड्रायव्हर खाली, क्लीनर खाली," हे माइकवरून दिवसातून शंभरदा म्हणून त्यांच्या जिभेला इतकं वळण पडलंय, की घरी त्यांचा धाकटा मुलगा सोफ्यावर उड्या मारायला लागला की ते दुपारच्या डुलकीतूनच "क्लीनर खाली" म्हणतात आणि कूस बदलतात.

ताईचं उलट. ती शाळेची बस चालवते. तिचा नियम आहे माणसं वर, आणि ती मोजून. सगळी मुलं चढली की आरशात बघत, एकेका डोक्याकडे बोट करत मोठ्याने मोजते. एक जरी डोकं कमी असलं तरी गाडी तसूभर हलवत नाही, मग मुख्याध्यापक स्वतः येऊन हात जोडोत. एकदा तिने शेचाळीस मुलांना सतरा मिनिटं थांबवलं होतं, कारण सत्तेचाळिसावा स्वच्छतागृहात कडीशी झटापट करत होता. मी शिवणकाम करते, टेपने मापं घेते. ताईला तेवढं माप पुरतं. भाऊजींच्या मते टेप ही अंदाजाची गोष्ट आहे.

तर असे हे भाऊजी. त्यांची दुसरी कला म्हणजे सहलीचा बेत आखणं. ते बेत आखतात तसा जगात कोणी आखत नसेल. आणि तो आखून झाला की ते स्वतः जात नाहीत.

पहिली सहल डोंगरातली. बसमध्ये दरी कुठल्या बाजूला दिसेल, ऊन कुठल्या बाजूला येईल, हे सगळं कागदावर काढून त्यांनी प्रत्येकाला खिडकी नेमून दिली होती. निघायच्या आदल्या दिवशी कळलं की काट्याची तपासणी आहे, भाऊजींना थांबावं लागेल. दुसरी सहल धरणावरची. तेव्हा प्रिंटर अडला. तिसऱ्या वेळी मात्र ते स्टेशनपर्यंत आले, सामान बाकाखाली लावलं, गाडीत बसलेसुद्धा. आम्ही एकमेकींकडे बघून हसलो. मग ते पाणी आणायला म्हणून उतरले ते उतरलेच. गाडी सुटली तर फलाटावर उभे, हातात भरलेली बाटली, आणि चेहऱ्यावर इतकं समाधान की राग यायचा तोही येईना. आम्ही परत आलो की ताजेतवाने होऊन विचारायचे, "बोगद्यानंतर डावीकडे नदी दिसली की नाही?" दिसली म्हटलं की असे खूश व्हायचे, जणू नदी त्यांनीच आदल्या दिवशी नेऊन ठेवली होती.

या वर्षी ताईच्या थोरल्या मुलीला नोकरी लागली, लांबच्या शहरात. पुढच्या महिन्यात ती जाणार. जायच्या आधी सगळ्यांनी मिळून कुठेतरी जाऊ, असं तिनेच काढलं आणि चित्रं दाखवली: एक घरगाडी, म्हणजे आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी असलेली मोठी व्हॅन. ती भाड्याने घ्यायची, ताईने चालवायची आणि समुद्राकाठी गाड्या लावायची जागा असते तिथे तीन रात्री राहायचं. तिथे एका बाजूला वाळूचा किनारा आणि झाडांच्या पट्ट्यामागे गोड्या पाण्याची तीन तळी. धाकट्याला समुद्र हवा होता. भाऊजींच्या आई, म्हणजे मुलांच्या आजी, त्यांना लाटांचा भरवसा वाटत नाही, म्हणून त्यांनी तळ्याच्या बाजूने मत दिलं. दोन्ही एकाच ठिकाणी मिळतंय म्हटल्यावर भांडायला काही उरलंच नाही.

त्या दिवशी ताई माझ्या दुकानात आली. मशीनशेजारच्या कपड्यांच्या ढिगावर बसली आणि म्हणाली, "तुला सांगून ठेवते. हे या वेळीही काहीतरी काढतील."

"काढू देत. आपण ओढून नेऊ."

"मी ओढणार नाही. बावीस वर्षं ओढलं." तिने ढिगातला एक शर्ट उचलून उगीच घडी घातली. "या वेळी पोरगी जातेय घरातून. या वेळीसुद्धा आले नाहीत, तर मी पुन्हा कधी म्हणून 'चला' म्हणणार नाही. कुठेच."

ताई असं बोलत नाही. मी सुई खाली ठेवली.

भाऊजींना यातलं काही माहीत नव्हतं. ते आनंदात होते. जेवणाच्या टेबलावर त्यांनी काट्यावरच्या रद्द पावत्यांचा गठ्ठा आणला आणि पाठकोऱ्या बाजूंवर बेत सुरू केला. भरती-ओहोटीच्या वेळा. गाडीचं दार कुठल्या दिशेला ठेवलं म्हणजे सकाळचं ऊन आजींच्या डोळ्यांवर येणार नाही. नळापासून गाडी किती पावलांवर. तळी तीन, त्यांतलं कुठलं उथळ, कुठल्याच्या काठाला शेवाळ. हे सगळं त्यांनी तिथल्या व्यवस्थापकाला चार वेळा फोन करून विचारून घेतलं. चौथ्या वेळी त्या बिचाऱ्याने विचारलं, "साहेब, तुम्ही तळं विकत घेताय का?"

पण खरा रंग भरला तो वजनात. गाडीच्या कागदावर लिहिलं होतं: रिकामी गाडी दोन हजार नऊशे किलो, भरून जास्तीत जास्त साडेतीन हजार. म्हणजे सहाशे किलोंची मुभा. हे वाचल्यावर भाऊजींना जे भरतं आलं, ते समुद्रालाही येत नसेल. सगळ्यांना न्हाणीघराच्या काट्यावर ओळीने उभं केलं. आजी एक्कावन्न, ताई त्रेसष्ट, थोरली चोपन्न, धाकटा अडतीस. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "भाऊजी, माझं कळवायची गरज नाही." ते पावतीवर लिहीत म्हणाले, "एकाहत्तर. तू चप्पल काढायच्या आधीच लिहिलं होतं."

मग प्रत्येकाला वीस किलो सामान, वर टाकीतलं पाणी आणि सगळ्यांचा शिधा. स्वयंपाकघरातला स्प्रिंगकाटा दाराच्या कडीला टांगला आणि जो तो आपली पिशवी घेऊन रांगेत. ताईचा लोखंडी तवा अडीच किलो भरला. भाऊजी म्हणाले, "पातळ ने." ताई म्हणाली, "पातळ तव्यावर मी करत नाही, तुम्ही करा." तवा मंजूर झाला. आजींनी घडीची खुर्ची आणली, साडेचार किलोंची. भाऊजींनी सुचवलं की तिथे बाकं आहेत. आजी म्हणाल्या, "बाळ, बाकावर बसायला मी काय बसची वाट बघायला चाललेय?" खुर्चीही मंजूर झाली. धाकट्याच्या पिशवीत चौदा वाटोळे दगड निघाले. समुद्रात फेकायला आणलेत म्हणाला. तिथे दगड मिळतात हे त्याला पटवायला एक अख्खी संध्याकाळ गेली. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तसं झालं, सहलीपेक्षा बेतच मोठा. पण खरं सांगायचं तर घर असं गजबजलेलं मी कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं, आणि थोरली हे सगळं फोनमध्ये टिपून घेत होती, तेव्हा मला एकदम भरून आलं.

रजेचं मी स्वतः जाऊन बघून आले. मालकांनी लेखी रजा दिली होती, बदलीचे ऑपरेटर सकाळी सातलाच येणार होते, काट्याची तपासणी मागच्याच महिन्यात झालेली आणि प्रिंटर नवा घेतलेला. पळवाट म्हणून शिल्लक नव्हती. ताईला मी तसं सांगितलं. ती फक्त "बघू" म्हणाली.

निघायच्या दिवशी सकाळी बेत असा होता: घरून सगळे व्हॅनमधून काट्यावर जायचं, भरलेल्या गाडीचं एकदा वजन करायचं आणि तिथूनच पुढे रस्त्याला लागायचं. काटा आला. भाऊजी सवयीने आधी उतरले आणि केबिनमध्ये गेले. बदलीचे ऑपरेटर, भाऊजींपेक्षा वयाने मोठे, आधीच हजर होते, पण त्यांना बाजूला करून स्टुलावर हेच बसले. ताईने गाडी पत्र्यावर घेतली. आज पहिल्यांदाच माणसं खाली नव्हती. आज माणसंच माल होती. आम्ही पाचही जण श्वास रोखून बसलो, जणू श्वासाचंही वजन लागतं.

माइक खरखरला. "तीन हजार चारशे साठ," भाऊजींचा आवाज आला, आणि त्यात असा काही अभिमान होता की मागच्या वाळूच्या ट्रकवाल्यानेही टाळ्या वाजवल्या. "चाळीस किलो हातात. याला म्हणतात बेत."

पावती फडकावत ते बाहेर आले. खिडकीतून ती ताईच्या हातात दिली. तेवढ्यात मागून धाकटा म्हणाला, "बाबा, तुमचं वजन किती?"

"पंच्याऐंशी. का रे?"

भाऊजींचे ओठ हलले. वजाबाकी त्यांच्या रक्तात आहे, बेरजेला किती वेळ लागणार? तीन हजार पाचशे पंचेचाळीस. पंचेचाळीस जास्त. चोवीस वर्षं हा माणूस काट्याच्या बाहेर उभा राहून आत काय आहे ते मोजत आलाय. दोन आठवडे पावत्यांवर पावत्या लिहिल्या, तव्याचं वजन केलं, खुर्चीचं केलं, दगडांचं केलं, आणि त्यातल्या एकाही पावतीवर स्वतःला लिहिलं नाही.

"काखेत कळसा," आजी पुटपुटल्या. पुढचं त्यांनी म्हटलं नाही, सगळ्यांना येत होतं.

भाऊजी आधी खरोखर ओशाळले. कान लाल झाले. ती चूक बनावट नव्हती, हे मी शपथेवर सांगेन. पण मी मापं घेणारी बाई आहे, माझं लक्ष असतं. ओशाळलेपणाच्या मागून हळूच दुसरं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर आलं, आणि ते मी ओळखलं. फलाटावर बाटली घेऊन उभे होते तेव्हाचं समाधान.

"मग असं करा," ते म्हणाले. "तुम्ही व्हा पुढे. मी मागून बसने येतो."

ताईने इंजिन बंद केलं. आरसा जरा खाली केला, मागे बघितलं आणि बोट करून मोजायला लागली. "एक." आजी. "दोन." थोरली. "तीन." धाकटा. "चार." मी. मग स्वतःच्या छातीला बोट लावून, "पाच." आणि हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिली.

"एक डोकं कमी आहे," ती म्हणाली. "गाडी हलणार नाही."

"अगं, पत्र्यावर उभी आहेस. मागे लाइन लागलीय."

"लागू दे."

मागे वाळूचा ट्रक, त्याच्या मागे भंगाराचा, त्याच्या मागे दोन धान्याचे. भंगारवाल्याने हॉर्न दिला. भाऊजींच्या काट्यावर चोवीस वर्षांत कोणाची खोळंबा करायची हिंमत झाली नव्हती, आणि आज ती त्यांच्याच बायकोने केली. ते एकदा रांगेकडे बघत, एकदा ताईकडे. ताई समोर बघत होती. तिचे डोळे भरलेत हे मला मागूनसुद्धा दिसत होतं, आरसा खाली होता ना.

"पंचेचाळीस किलो काढायचे तर काय काढू?" भाऊजी म्हणाले. "आईची खुर्ची? तुझा तवा?"

"ही पेटी कसली आहे?" थोरलीने विचारलं.

तिच्या पायाशी, बाकाखाली, एक हिरवी पत्र्याची पेटी होती. ती आमच्यापैकी कोणीच भरली नव्हती. थोरलीने ओढायचा प्रयत्न केला, ती जागची हलेना.

"ती राहू दे," भाऊजी घाईने म्हणाले. "ती लागेल."

"किती किलो आहे, बाबा?"

ते म्हणाले, "पन्नास."

थोरलीने झाकण उघडलं. आत लाकडी फळ्या, दोरखंड, जॅक, पाने, हातोडी, खुंट्या, एक सुटा नळ, रबरी पाइप, ताडपत्री, औषधं. प्रत्येक वस्तूला दोऱ्याने एक रद्द पावती बांधलेली आणि तिच्या पाठीवर भाऊजींचं बारीक अक्षर. थोरली वाचायला लागली. "'चाक वाळूत रुतलं तर आधी चाकातली हवा थोडी कमी करा, मग या फळ्या.' 'नळ गळला तर उजवीकडे अर्धा आटा, जास्त पिळू नका.' 'रात्री वारा सुटला तर ताडपत्री समुद्राच्या बाजूने.'" मग औषधांच्या डब्याची पावती तिने हातात घेतली आणि तिचा आवाज बारीक झाला. "'आईला गाडीत मळमळलं तर पुढच्या सीटवर बसवा आणि तिच्याशी बोलत राहा. विषय कुठलाही चालतो. मी असंच करतो.'"

आजींनी चष्मा काढून पुसला.

मी म्हटलं, "भाऊजी, तुम्ही यायचंच नाही असं आधीच ठरवलं होतं."

"नाही गं," ते म्हणाले, आणि मला वाटतं त्यांनाही ते तेव्हाच कळत होतं. "यायचंच होतं. पण बेत करताना मला तुम्हीच दिसता तिथे. मी दिसत नाही." ते केबिनकडे बघत होते. "इथे मला कळतं कुठे बसायचं ते. तिथे सगळं नीट लागलेलं असणार. तिथे माझं काम काय?"

"काही नाही," ताई म्हणाली. ती पहिल्यांदा त्यांच्याकडे वळली. "काही म्हणजे काही काम नाही. पेटी उतरवा आणि तुम्ही चढा."

"आणि चाक रुतलं तर?"

"तुम्ही ढकला."

हे ऐकून वाळूचा ट्रकवाला, जो एव्हाना उतरून आमच्या खिडकीशी येऊन उभा होता, तो पुढे झाला आणि पेटीचं एक कडं धरून म्हणाला, "साहेब, दुसरं तुम्ही धरा. माझी वाळू थांबलीय." दोघांनी पेटी उतरवून केबिनच्या भिंतीशी ठेवली. भाऊजी तिच्याशी क्षणभर उभे राहिले. मग आले, पायरीवर पाय ठेवला, आणि थोरलीने आतून हात दिला. चोवीस वर्षांत पहिल्यांदा त्या पत्र्यावर त्यांचंही वजन होणार होतं.

केबिनमधून बदलीच्या ऑपरेटरांचा आवाज आला. "तीन हजार चारशे पंच्याण्णव. पाच किलो हातात. ड्रायव्हर खाली... नाही, बसा, बसा."

ताईने पुन्हा आरसा नीट केला. या वेळी तिने मोजताना घाई केली नाही. सहा म्हणाली, आणि गाडी पत्र्यावरून उतरली.

बेत पुढे तंतोतंत पार पडला असं म्हणवत नाही. पहिल्या दिवशी किनाऱ्यावर भाऊजी दर अर्ध्या तासाने ताईला विचारत होते, "आता काय करू?" ताई म्हणे, "बसा." ते बसत, आणि पाच मिनिटांत धाकट्याच्या वाळूच्या किल्ल्याच्या भिंती किती भार पेलतील ते सांगायला उठत. संध्याकाळी चाक खरंच रुतलं. ट्रक ढकलावा तसा त्यांनी खांदा लावला, आजी खुर्चीत बसून सूचना देत होत्या, आणि गाडी निघाल्यावर ते इतके खूश की आम्हाला भीती वाटली, पुन्हा मुद्दाम रुतवतील. दुसऱ्या दिवशी तळ्यावर "काय करू" दोनदाच आलं. एका बापाला आणि मुलीला उथळ पाण्यात गुडघाभर उभं राहून काहीच न बोलता इतका वेळ काढता येतो, हे मला माहीत नव्हतं. मी मध्ये एकदा विचारलं, "भाऊजी, थोरलीचं वजन वाढलं का हो?" ते म्हणाले, "बघितलं नाही." मी ताईकडे पाहिलं. ताई तवा घासत होती, पण ऐकलं तिनेही.

परतीचा मुहूर्त पावतीवर साडेनऊचा होता. सामान भरलं, आजी पुढच्या सीटवर बसल्या, मी दार लावलं. ताईने किल्ली फिरवली, आरशात बघितलं आणि मोजायला लागली. एक, दोन, तीन, चार, स्वतः पाच.

"एक डोकं कमी," ती म्हणाली.

आम्ही सगळ्यांनी खिडकीतून पाहिलं. झाडांच्या पट्ट्यापलीकडे, तळ्याच्या काठावर भाऊजी पाण्यात पाय सोडून बसले होते. पाठ आमच्याकडे. घड्याळ काढून शेजारी गवतावर ठेवलेलं.

"बाबा," धाकट्याने हाक मारायला तोंड उघडलं. ताईने मागे हात नेऊन त्याच्या तोंडावर ठेवला. दुसऱ्या हाताने तिने इंजिन बंद केलं.

"बसू दे," ती म्हणाली. "मी थांबते."